कुंकळ्ळीचा उठाव आणि बारा वांगडांची आठवण

गोमंतकातील देवस्थानांच्या इतिहासाचा आरंभ बहुधा एका वियोगाने होतो. मूळ स्थान एका गावी, विद्यमान मंदिर दुसऱ्या गावी, आणि दोहोंच्या मध्ये एक नदी, असा हा क्रम इतक्या देवस्थानांच्या बाबतीत आढळतो की महाजन कुटुंबांतील मुलांना तो स्वाभाविकच वाटू लागतो. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, श्रीरामनाथ लोटलीहून बांदिवड्यास, श्रीकामाक्षी रायहून शिरोड्यास, श्रीदामोदर मडगावहून जांबावलीस. कुलाचार सांगताना ही नावे सहज ओठांवर येतात. परंतु ज्या लोकांनी हे वियोग सोसले त्यांनी तत्पूर्वी काय केले, कोणाकडे दाद मागितली, कोणता प्रतिकार केला, याची वाच्यता क्वचितच होते. देव रातोरात नदीपार नेले एवढ्या एका वाक्यात दोन पिढ्यांचा संघर्ष गुंडाळला जातो.

त्या संघर्षातील सर्वांत तीव्र प्रकरण सासष्टीच्या दक्षिण टोकास, कुंकळ्ळी या गावी, इ. स. १५८३ मध्ये घडले. तेथील ग्रामदेवता श्रीशांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आज फातर्पा येथे विराजमान आहे. ती तेथे का गेली हे समजण्यासाठी प्रथम सासष्टीतील गांवकरीची व्यवस्था ध्यानात घेणे आवश्यक आहे.

गांवकरी आणि देवस्थान

आल्बुकेर्कने १५१० साली तिसवाडी जिंकली. सासष्टी आणि बारदेश हे दोन प्रांत आदिलशहाकडून पोर्तुगिजांस १५४३ साली मिळाले. या तिन्ही प्रांतांत गाव ही केवळ वस्ती नव्हती; ती एक संस्था होती. गावची शेते, खाजणे, बांध, कुळागरे यांची व्यवस्था गांवकार सामाईकपणे पाहात. शेतांची पावणी होई, आलेल्या उत्पन्नातून राजाचा सारा भरला जाई, बांधांची दुरुस्ती केली जाई, आणि उरलेल्या रकमेचे वाटे होत. गांवकार वांगडांत, म्हणजे कुळांच्या शाखांत, विभागलेले असत. कोणताही ठराव सर्व वांगडांच्या संमतीविना होत नसे.

या संस्थेच्या केंद्रस्थानी ग्रामदेवता होती. गावची बैठक देवळाच्या चौकात भरे. पुजारी, भाविणी, वाजंत्री, सुतार, लोहार, म्हार इत्यादी सेवेकऱ्यांस नमशीच्या जमिनी लावून दिलेल्या असत. तंटा पडल्यास शपथ देवासमोर वाहिली जाई. म्हणून देऊळ पाडणे म्हणजे केवळ उपासनेचे स्थान नष्ट करणे नव्हते. गावची कचेरी, न्यायासन आणि जमाखर्चाचा आधार हे सर्व एकाच घावात नष्ट होत असे. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनाही ही गोष्ट अज्ञात नव्हती. १५२६ साली आफोंसो मेशिया याने तिसवाडीतील गांवकरीच्या रूढींचे जे ‘फोराल’ तयार केले, त्यात या व्यवस्थेला राजमान्यता देण्यात आली होती. राज्यकर्त्यांना सारा हवा होता, आणि तो बिनबोभाट वसूल करून देणारी संस्था त्यांना आयतीच लाभली होती.

पुढील पंधरा वर्षांतच वारे फिरले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. १५४१ साली त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्यासाठी देण्याचे तेथील गांवकारांकडून कबूल करून घेण्यात आले. जी जमीन आजोबांनी देवाच्या दिव्यासाठी ठेवली, तिचे भात नातवाने दुसऱ्याच्या कोठारात नेऊन टाकायचे, अशी ही स्थिती होती. १५४२ मध्ये येशू संघाचे पाद्री गोव्यात आले. कालांतराने धर्मप्रसारासाठी बारदेश प्रांत फ्रान्सिस्कन पंथाकडे व सासष्टी येशू संघाकडे सोपविण्यात आली. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात स्थापन झाले. ते १७७४ साली बंद झाले, थोड्याच वर्षांत पुन्हा सुरू झाले, आणि १८१२ साली कायमचे उठले.

लोटलीचा दावा

सासष्टीतील देवळांवर घाला आला तो १५६६ व १५६७ या वर्षांत. त्याच्या आरंभीची एक घटना विशेष लक्षणीय आहे. येशू संघाचेच इतिहासकार फ्रांसिस्को द सौझा यांनी ती नोंदविली आहे. रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगो रोद्रिगिश याने लोटली गावच्या लोकांस बोलावणे धाडले. ते हजर झाले नाहीत. तेव्हा शिक्षा म्हणून कप्तानाने त्यांच्या गावचे मुख्य देऊळ जाळले. यावर लोटलीकरांनी शस्त्र उचलले नाही, ते पळूनही गेले नाहीत. ते गोव्यातील न्यायालयात गेले. आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कप्तानाने स्वतःच्या खर्चाने देऊळ पुन्हा बांधून द्यावे, असा तो निकाल होता.

परक्या राज्यात, परक्या भाषेत, परक्या न्यायाधीशापुढे दावा लावून एका गावाने तो जिंकला. परंतु हा विजय क्षणिक ठरला. कप्तानाने विजरई आंतांव द नोरोन्य आणि धर्मश्रेष्ठी यांच्याकडे धाव घेतली. परिणाम असा झाला की, जाळलेले एक देऊळ बांधून देणे दूरच राहिले, उलट सासष्टीतील सर्वच देवळे पाडण्याचा आदेश त्याच कप्तानाच्या हाती आला. १५६७ मध्ये अल्पावधीत अडीचशेहून अधिक लहानमोठी देवळे भुईसपाट झाली. त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने हिंदू आचारांवर कडक निर्बंध सुचविले आणि विजरईच्या फर्मानाने त्यांना कायद्याचे रूप दिले.

न्यायाचा दरवाजा अशा रीतीने बंद झाला. दुसरा मार्ग देशत्यागाचा होता. अनेक कुटुंबांनी तो पत्करला. अघनाशिनीच्या पलीकडे अंत्रुज महालात, तसेच पूर्वेस व दक्षिणेस, तेव्हा आदिलशाही अंमल होता. तेथे देवांना आसरा मिळाला. आज फोंड्याच्या परिसरात जी देवस्थानांची मांदियाळी दिसते, ती या देशत्यागातून उभी राहिली. ज्यांना शेतभात सोडून जाणे शक्य नव्हते त्यांच्यापैकी बहुतेकांनी कालांतराने नवा धर्म स्वीकारला. यात भीती होती, निरुपाय होता, आणि गांवकारीचा हक्क व वाडवडिलांची जमीन राखण्याची धडपडही होती. गेलेले आणि राहिलेले यांच्यात शूर कोण व भित्रे कोण, असा निवाडा चारशे वर्षांनंतर करणे अन्यायाचे होईल. एकाच घरातला एक भाऊ देवाबरोबर नदीपार गेला आणि दुसरा बांधाची राखण करीत मागे राहिला, असेही अनेक घराण्यांत घडले.

पाच गावे

सासष्टीच्या दक्षिणेस साळ नदीच्या मुखाकडील भागात कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणा, वेळ्ळी आणि आंबेली ही पाच गावे होती. त्यांनी मात्र तिसरा मार्ग धरला. ती ना नमली, ना उठून गेली. रायतूरचा किल्ला येथून दूर होता आणि पोर्तुगीज सत्तेची हद्द जवळच संपत होती. कुंकळ्ळी हे या पाचांतील अग्रगण्य गाव. बारा वांगडांचे गांवकार तेथे नांदत होते. जमीन सुपीक होती आणि गावाला आपल्या सामर्थ्याची जाणीव होती.

या गावांनी सारा देण्याचे नाकारले. सरकारी माणसांना त्यांनी दाद दिली नाही, पाद्र्यांना थारा दिला नाही, आणि पाडलेली देवस्थाने पुन्हा उभारली. सारा न देणे यातच या प्रतिकाराचे मर्म होते. ज्या राज्याने सारा घेऊन देवस्थान राखण्याचा जुना करार मोडला, त्या राज्याला आपणही सारा देणे लागत नाही, अशी ही भूमिका कोणी लिहून ठेवली नसली तरी गावांच्या कृतीतून ती स्पष्ट दिसते.

या अवज्ञेचे उत्तर लष्करी मोहिमांनी देण्यात आले. विजरई फ्रांसिस्को द मास्कारेन्यश याच्या कारकिर्दीत जिल एआनिश मास्कारेन्यश याच्या हाताखाली एक तुकडी या भागात धाडण्यात आली. तिने देवळे जाळली. त्यानंतर रायतूरच्या कप्तानानेही मोहीम काढली. या मोहिमांत येशू संघाचे पाद्री सोबत होते. त्यांपैकी पेद्रो बेर्नो याने मोठ्या देवळाचा व आसपासच्या लहान देवळांचा विध्वंस करण्यात पुढाकार घेतला, लोक पूजनीय मानीत असलेले वारूळ उद्ध्वस्त केले आणि तेथे गाय मारली, असे खुद्द ख्रिस्ती वृत्तान्तच सांगतात. वारूळ म्हणजे गोमंतकात सांतेरीचे रूप होय. ज्या भूमीतून अन्न येते तिचीच ती मूर्ती. देऊळ दगडाचे असल्याने पुन्हा बांधता येते. परंतु वारुळावर पडलेला घाव हा कुंकळ्ळीकरांच्या दृष्टीने प्रत्यक्ष देवीच्या देहावर पडला होता.

१५ जुलै १५८३

अशा तापलेल्या परिस्थितीत सासष्टीच्या मिशनचे प्रमुखपद रोदोल्फो आक्वाविवा यांच्याकडे आले. हे इटालियन गृहस्थ थोर घराण्यातील होते. येशू संघाचे तत्कालीन सरसेनापती क्लाउदियो आक्वाविवा यांचे ते पुतणे. १५८० पासून तीन वर्षे ते फत्तेपूर सिक्री येथे अकबर बादशहाच्या दरबारी होते. तेथे मुल्ला, पंडित आणि पाद्री यांच्या वादसभा भरत, आणि बादशहा सर्वांचे ऐकून घेई. तेथून ते १५८३ च्या उन्हाळ्यात गोव्यास परतले. तेहतिशीही न उलटलेला हा मनुष्य वृत्तीने सौम्य व विरक्त होता, याबद्दल सर्व वृत्तान्तांचे एकमत आहे. परंतु जेथे शब्दांचे वाद चालत त्या दरबारातून तो आता जळलेल्या देवळांच्या गावी येत होता.

जुन्या कालगणनेप्रमाणे १५ जुलै १५८३ रोजी, नव्या ग्रेगोरियन गणनेप्रमाणे २५ जुलै रोजी, सोमवारी, आक्वाविवा, आफोंसो पाशेको, पेद्रो बेर्नो, आंतोनियो फ्रांसिस्को हे चार पाद्री व फ्रांसिस्को आरान्य हे धर्मबंधू ओर्लीहून कुंकळ्ळीस आले. बरोबर गोंसालो रोद्रिगिश हा पोर्तुगीज गृहस्थ आणि काही स्थानिक ख्रिस्ती मंडळी होती. गावात क्रूस उभारावा व चर्चसाठी जागा पाहावी हा त्यांचा हेतू होता. पाशेको व बेर्नो हे पूर्वीच्या मोहिमांत सैन्यासह येऊन गेले होते. गावाने त्यांना ओळखले नसते तरच नवल. पाद्री जागेची पाहणी करीत असता इकडे गांवकारांची सभा भरली. थोड्याच वेळात तलवारी, भाले, धनुष्यबाण घेतलेला जमाव त्यांच्यावर चालून आला. रोद्रिगिशजवळ बंदूक होती. पण पाशेको यांनी त्याला ती चालवू दिली नाही. पाचही धर्मगुरू, रोद्रिगिश आणि सोबतचे सुमारे चौदा देशी ख्रिस्ती मारले गेले. त्यांची प्रेते विहिरीत टाकण्यात आली.

मृतांत कुंकळ्ळीचाच दोमिंगोश नावाचा एक मुलगा होता. पूर्वीच्या मोहिमेच्या वेळी त्याने पाद्र्यांना गावातील देवळांच्या जागा दाखविल्या होत्या. त्याला त्याच्या सख्ख्या चुलत्याने मारले, असे येशू संघाचे वृत्तान्त सांगतात. या एका घटनेत त्या काळची सारी भीषणता साठविली आहे. बाहेरून आलेल्या सत्तेने गावावर घाला घातला, तो घाव घराच्या आत शिरून चुलता-पुतण्याच्या नात्यापर्यंत पोहोचला होता. कुंकळ्ळीच्या उठावाचा अभिमान बाळगताना हा मुलगा विसरता येत नाही. शस्त्र न उचलणाऱ्या माणसांची आणि एका मुलाची ती हत्या होती, आणि तिला दुसरे नाव देता येत नाही. त्याचबरोबर, जाळपोळ, विध्वंस आणि विटंबना यांची जी मालिका त्या दिवसाआधी घडली, ती गाळून केवळ त्या दिवसाची हकीगत सांगणे हाही इतिहासाचा विपर्यासच होय.

असोळण्याचा विश्वासघात

रायतूरच्या कप्तानाने सैन्य आणून सूड उगविला. गावे उजाड झाली, उरलीसुरली देवस्थाने नष्ट करण्यात आली, लोक रानोमाळ झाले. परंतु पुढारी हाती लागत नव्हते. तेव्हा समेटाची भाषा सुरू झाली. बोलणी करण्यासाठी गांवकारांच्या नायकांना असोळणा येथील गढीत पाचारण करण्यात आले. अभयवचनावर विश्वास ठेवून सोळा नायक तेथे गेले. गढीचे दरवाजे बंद झाले आणि कसलीही चौकशी न होता त्यांतील पंधरा जणांना ठार करण्यात आले. सोळावा शौचकूपाच्या वाटेने नदीत उतरला, पोहून पार गेला आणि कारवारच्या मुलखात निसटला, असे परंपरा सांगते.

लोटलीच्या लोकांनी न्यायालयावर विश्वास ठेवला होता. कुंकळ्ळीच्या नायकांनी राज्याच्या शब्दावर ठेवला. सतरा वर्षांच्या अंतराने दोहोंचे फळ एकच मिळाले. शस्त्राने जिंकणे हा राज्यकर्त्यांचा नित्याचा व्यवहार आहे. परंतु न्यायालयाचा निकाल आणि अभयाचा शब्द या दोन गोष्टी मोडल्या की प्रजेजवळ राज्याशी बोलण्याची भाषाच उरत नाही.

देहदंडापेक्षाही दीर्घकाळ टिकणारी शिक्षा जमिनीची होती. पाचही गावांच्या जमिनी जप्त करून त्या प्रथम एका पोर्तुगीज सरदारास देण्यात आल्या. पुढे असोळणा, वेळ्ळी व आंबेली ही गावे येशू संघाकडे गेली. कुंकळ्ळी व वेरोडा ही मार्क्विस द फ्रोंतैरा या लिस्बनच्या उमराव घराण्याकडे आली. सासष्टीतील अन्य गावांत धर्म बदलला, देऊळ गेले, तरी गांवकरी ‘कोमुनिदाद’ या नावाने चालू राहिली. जमिनीचा हक्क, वाटा व सभेतील आसन वंशपरंपरेने राहिले. या पाच गावांतील गांवकार मात्र आपल्याच पूर्वजांनी बांध घालून राखलेल्या शेतात परक्या धन्याचे खंडकरी झाले. १७५९ साली पोंबालने येशू संघास पोर्तुगीज राज्यांतून हद्दपार केल्यावर संघाची मालमत्ता सरकारजमा झाली. जमीन मूळ धन्यांकडे मात्र परतली नाही. पंधरा मस्तके एका दिवसात पडली, पण हा दंड अनेक पिढ्या भरीत राहिल्या.

कोणाची नावे राहिली

मारल्या गेलेल्या पाद्र्यांची प्रेते विहिरीतून काढून रायतूर येथे पुरण्यात आली. नंतर त्यांच्या अस्थी गोव्यास सेंट पॉल महाविद्यालयात आणि १८६२ साली जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये नेण्यात आल्या. त्यांना धर्मवीर ठरविण्याची चौकशी १६०० साली सुरू झाली, १७४१ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी त्यांचे हौतात्म्य मान्य केले आणि १८९३ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना ‘धन्य’ म्हणून घोषित केले. त्यांची जन्मगावे, आईवडील, शिक्षण, पत्रे हे सर्व जपून ठेवले गेले. ज्यांनी त्यांच्या स्मृतीसाठी एवढे परिश्रम घेतले त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपल्या मृतांची आठवण कशी राखावी, याचा तो एक वस्तुपाठच आहे.

दुसऱ्या पक्षाजवळ असे काही नव्हते. ज्या देवळाच्या चौकात त्यांच्या नोंदी राहिल्या असत्या तो चौक जळाला होता. जी सभा त्यांच्यासाठी ठराव करती ती मोडली होती. म्हणून या उठावाचा इतिहास मुख्यतः ज्यांच्याविरुद्ध तो झाला त्यांच्याच लेखणीतून उपलब्ध आहे. बळींचे संघप्रमुख आलेस्सांद्रो वालिन्यानो यांचा त्याच वर्षीचा वृत्तान्त आणि पुढे सौझा यांचा ग्रंथ ही त्याची ठळक उदाहरणे होत. गोमंतकाचे इतिहासकार तेओतोनियो द सौझा यांनी या घटनेचा गावाच्या बाजूने पुनर्विचार केला. पाद्री हुतात्मे ठरले, मग आपल्या गावासाठी मेलेले गांवकार कोण, असा प्रश्न त्यांनी उभा केला. ते स्वतः एकेकाळी येशू संघात होते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. आता कुंकळ्ळीत त्या नायकांचे स्मारक उभे आहे, आणि ते उभारण्याच्या कामी गावच्या ख्रिस्ती मंडळींनी पुढाकार घेतला.

या संदर्भात आणखी एक मौन नमूद करणे भाग आहे. परंपरेने सोळा नायक लक्षात ठेवले. परंतु सारा न देण्याची झळ ज्यांच्या चुलीला प्रथम लागली ते कष्टकरी, देवीसमोर वाजविणारे, बांधावर माती टाकणारे, रानात मुलांना घेऊन लपलेल्या बायका, यांच्याविषयी ना पाद्र्यांच्या पत्रांत काही आहे, ना गांवकारांच्या परंपरेत. गांवकरी ही लोकसंस्था होती हे खरे. तिच्या सभेत सर्वांना आसन नव्हते हेही तितकेच खरे. अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या पूर्वजांचे स्मरण करताना, त्यांच्या व्यवस्थेत ज्यांना आवाज नव्हता त्यांचेही स्मरण ठेवणे हे त्या पूर्वजांच्या कीर्तीला उणेपणा आणणारे नाही.

कुंकळ्ळीच्या उठावाला युरोपीय सत्तेविरुद्धचा पहिला लढा म्हणण्याची प्रथा पडली आहे. त्याच शतकात मलबारच्या सामुथिरी राजांनी व त्यांच्या कुंजाली नौकाधिपतींनी पोर्तुगिजांशी दीर्घ झुंज दिली होती, हे पाहता पहिलेपणाचा आग्रह धरण्याचे कारण नाही. कुंकळ्ळीचे वैशिष्ट्य निराळे आहे. तो राजाचा राजाशी लढा नव्हता. त्यामागे सिंहासन नव्हते, आरमार नव्हते, आदिलशहाची कुमकही नव्हती. पाच गावांनी आपल्या सभेत ठरवून एका साम्राज्याला सारा नाकारला. पुढे १७८७ चा पिंटोंचा कट झाला, सत्तरीच्या राणे मंडळींची बंडे झाली. त्या प्रत्येकाची कारणे वेगळी होती. पण रयतेने राज्याला ‘नाही’ म्हणण्याची गोमंतकातील परंपरा शोधू गेल्यास तिची वाट कुंकळ्ळीपर्यंत जाते.

बारा छत्र्या

नायक गेले, जमीन गेली. देवी मात्र राहिली. कुंकळ्ळीकरांनी तिला हद्दीपलीकडे फातर्पा येथे नेले. हा भाग तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली नव्हता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या काबिजादीतील महाल पोर्तुगिजांकडे आले, तोवर धोरण पालटले होते आणि तेथील देवस्थानांना अभय मिळाले. १८८६ साली ‘माझनियां’चा कायदा झाला आणि महाजनांच्या संस्थांना लेखी घटना लाभल्या. ज्या राज्याने महाजनांच्या पूर्वजांची देवळे पाडली, त्याच राज्याच्या दप्तरी तीनशे वर्षांनी त्यांच्या वंशजांची नावे देवस्थानचे हक्कदार म्हणून नोंदली गेली. इतिहासात अशीही परतफेड क्वचित घडते.

दर वर्षी फाल्गुन मासात फातर्प्याची देवी आपल्या मूळ गावाच्या भेटीस येते आणि छत्र्यांचा उत्सव साजरा होतो. बारा वांगडांच्या बारा छत्र्या गुलालाने माखून वाजतगाजत निघतात. या उत्सवात कुंकळ्ळीचे हिंदू जसे सामील होतात तसे ख्रिस्तीही होतात. वांगड मोजताना कोणाचा धर्म कोणता हे कोणी विचारीत नाही. कारण वांगड हा १५८३ पूर्वीचा आहे आणि त्याची फाळणी कोणत्याही फर्मानाने करता आलेली नाही. चुलत्याने पुतण्यास मारले त्या गावात आज दोघांचेही वंशज एका छत्रीखाली चालतात, यापेक्षा अधिक समर्पक स्मारक शिल्पकाराला घडविता आले नसते.

महाजन या नावात हक्काबरोबर एक जबाबदारीही आहे. देवस्थानची जमीन, दागिने, पालख्या यांची यादी दप्तरात असतेच. पण मूळ गाव कोणता, तेथे देऊळ कोणत्या जागी होते, देव आणताना कोणती कुटुंबे बरोबर आली, मागे कोण राहिले, आणि राहिलेल्यांची ख्रिस्ती घराणी आज कोणत्या नावांनी ओळखली जातात, ही यादी बहुतेक ठिकाणी वृद्धांच्या तोंडीच आहे. कुंकळ्ळीच्या पंधरा नायकांच्या बाबतीत जे झाले ते याच कारणाने झाले. त्यांचा चौक जळाला म्हणून त्यांच्या नोंदी नाहीत. आजच्या देवस्थानांचे चौक शाबूत आहेत, दप्तरे आहेत आणि लिहिणारे हातही आहेत. जी घराणी देवाला पाठीवर घेऊन नदी ओलांडून आली, त्यांच्या वंशजांना एक वही भरणे कठीण नाही.